फोन उचलणारा आणि फोन लावणारा

पत्र

ताई, नमस्कार.

मी जुन्नर तालुक्यातला. तीन पिकअप आहेत. शेतकऱ्यांचा माल मुंबईकडे वाशीच्या नाहीतर पुण्यात गुलटेकडीच्या बाजारात पोचवतो. सीझनला टोमॅटो, एरवी कोथिंबीर, मेथी, फ्लॉवर, मिळेल ते. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराच्या सुमाराला आमची एक गाडी चाकणच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळली. ड्रायव्हर तेवीस वर्षांचा, गावातलाच पोरगा. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकलाय. नशीब म्हणून जीव वाचला. त्याने पोलिसांना सांगितलं की कुत्रं आडवं आलं.

मेहुणे म्हणतात, ही पोरं सारखी मोबाईलवर असतात. गाडी चालू झाली की फोन बंदच पडला पाहिजे असा कायदा सरकारने करावा, ब्लूटूथसुद्धा नको. आणि गाडीचा खर्च त्याच्या पगारातून कापून घ्या. मुलगी पुण्याला लॉ करते. ती म्हणते, कायदे ढीगभर आहेत, अजून कशाला? मला वाटतं, तिन्ही गाड्यांना ब्लूटूथ बसवून टाकावं. कायद्यातही बसेल, धंदाही चालेल. बरोबर आहे ना?

आणखी एक, जे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही. त्या वेळी तो बोलत होता तो माझ्याशीच. वाशीला आवक फार झाली होती, गाडी पुण्याला वळव हे सांगायला मी फोन लावला होता. बोलता बोलता धाडकन आवाज झाला आणि मग नुसता हॉर्न वाजत राहिला. तो हॉर्न अजून झोपू देत नाही.

— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर

दादा, ब्लूटूथ बसवू नका.

म्हणजे गाण्यांसाठी बसवायचं असेल तर बसवा. पण त्याने प्रश्न सुटला असं समजून बसवू नका. त्या रात्री गाडीत ब्लूटूथ असतं, तर पोराचे दोन्ही हात स्टेअरिंगवर असते, कानात तुमचा आवाज असता, आणि ट्रेलर होता तिथेच असता.

हे मी मनचं सांगत नाही. कॅनडात टोरांटोला १९९७ साली एका डॉक्टरने आणि एका संख्याशास्त्रज्ञाने मिळून एक काम केलं. अपघात झालेल्या ६९९ मोटारचालकांची फोनची बिलं मागवली आणि बिलातली वेळ अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिली. फोनवर बोलताना अपघाताचा धोका साधारण चौपट निघाला. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका कमी असेल असं सगळ्यांना वाटत होतं, पण तसा काही फायदा दिसला नाही. पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर यांनी बरीच वर्षं हाच विषय धरून ठेवला. त्यांचं म्हणणं असं की फोनवर बोलणाऱ्या माणसाची नजर रस्त्यावरच असते, समोरची वस्तू डोळ्यांसमोरून जातेही, पण मेंदूत तिची नोंद होत नाही. आपल्याकडे ‘लक्ष कुठंय तुझं?’ असं विचारतात ना, ते डोळ्यांबद्दल विचारलेलं नसतंच.

माझाच अनुभव सांगते. गेल्या वर्षी नाशिकला निघाले होते. फोन डॅशबोर्डवर, स्पीकर चालू, दोन्ही हात चाकावर, अगदी शहाण्या बाईसारखी. बहिणीशी घराच्या वाटणीवर बोलत होते. मंचरला थांबून चहा घ्यायचा असं ठरवलं होतं. भानावर आले तेव्हा मंचर मागे पडलं होतं आणि खेडपासून इथवरचा रस्ता मला आठवत नव्हता. एकही ट्रक, एकही दुचाकी, काही म्हणजे काही आठवेना. गाडी मात्र मीच चालवत होते. त्या दिवशी आडवं काही आलं नाही, एवढंच.

तुम्ही म्हणाल, मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतो त्याचं काय? त्यात फरक आहे आणि तो तुमच्या धंद्यातल्या माणसाला पटकन कळेल. पूर्वी ट्रकवर क्लीनर असायचा, आपण ज्याला किन्नर म्हणतो तो. रात्रभर गप्पा मारून ड्रायव्हरला जागं ठेवायचा. पण घाट लागला, समोरून एकाच दिव्याचं काहीतरी आलं, की आपोआप गप्प व्हायचा, नाहीतर ‘वस्ताद, डावीकडे’ म्हणून ओरडायचा. त्याला रस्ता दिसत होता. तुम्ही गावात ओट्यावर बसून फोन लावता तेव्हा तुम्हाला ट्रेलर दिसत नाही. तुम्ही आवकेचं बोलत राहता. साठच्या वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. ‘वाशीला लई माल झालाय रे’ एवढं वाक्य बोलायला तीन सेकंद लागत नाहीत.

आता मेहुण्यांकडे वळू. चालत्या गाडीत फोन बंदच पडावा, हे ऐकायला बरं वाटतं. पण गाडीत फक्त ड्रायव्हर नसतो. एसटीत चाळीस माणसं बसलेली असतात, रिक्षात मागे एखादी बाई एकटी असते आणि तिला घरी फोन करायचा असतो. फोनला काय कळणार कोण चालवतंय आणि कोण बसलंय? शिवाय कायदा असा हवा की चौकातल्या हवालदाराला तो तुटलेला दिसला पाहिजे. हातातला फोन दिसतो. हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन दिसतो. मान वाकडी करून खांद्यात धरलेला तर शंभर फुटांवरून दिसतो. कानातल्या बोंडावर गाणं चालू आहे की मालकाची बोलणी, हे हवालदाराने कसं ओळखायचं? म्हणून कायदा हातावर थांबतो. त्याला हँड्स-फ्री सुरक्षित वाटतं म्हणून नव्हे, त्याचा हात तिथपर्यंतच पोचतो म्हणून. लोक मात्र उलट अर्थ काढतात. तुम्हीही काढलात: कायद्यात बसतं, म्हणजे चालतं.

पण हातापुरता का होईना, कायदा हवा का? हवा, आणि कडक हवा. मला यात काही दुमत वाटत नाही. ‘माझी गाडी, माझा फोन’ हे म्हणणं गाडी तुमच्या अंगणात उभी असेल तोवर ठीक आहे. पेट्रोल भरून ती रस्त्यावर आली की समोरच्याचं पोरही त्यात आलं.

मुलीचं म्हणणंही अर्धं खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं. २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणं त्यात नाव घेऊन घातलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, नाहीतर एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत परत सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार. पुढच्याच वर्षी नियमात असंही आलं की हातातलं यंत्र फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे नकाशाला मुभा, गप्पांना नाही. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने राज्यांना सांगितलं होतं की फोनवर बोलताना सापडलेल्याचा परवाना निदान तीन महिने निलंबित करा. आता विचारा मुलीला, तिच्या ओळखीतल्या किती जणांचा परवाना तीन महिने गेलाय? आपल्या राज्याने तर २०१९ चे वाढीव दंडच थांबवून धरले होते, ते लागू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. दंडाचा आकडा मोठा असून भागत नाही. पकडले जाऊ अशी धास्ती हवी. ती नाही. ई-चलान आलं तरी लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात, तिथे कमी करून मिळेल म्हणून.

मार्च २०२५ मधली बातमी तुम्ही वाचली असेल. दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक लोणावळ्याच्या परिसरात मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत गाडी हाकत होता. प्रवाशांनी व्हिडिओ काढून थेट परिवहनमंत्र्यांना पाठवला आणि त्याची नोकरी गेली. तो सापडला कारण मागे माणसं बसली होती. तुमच्या पिकअपमध्ये मागे क्रेट असतात.

म्हणूनच सरकारी आकड्यांवरही या बाबतीत मी फार विसंबत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. कारणांच्या तक्त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या नावावर आणि मोबाईलच्या नावावर दोनेक टक्के. आपल्याकडची फिर्याद कशी लिहितात ते तुम्हाला माहीत आहे: ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून…’ हे वाक्य लिहिलं की वेगाचा रकाना भरला. फोन चालू होता का, हे कुणी सांगितलं तर कळणार. तुमच्या पोराने कुत्रं सांगितलं. कोणत्या तरी तक्त्यात आता ते कुत्रं आहे.

कायदा लिहितानाही गंमत होते, ती एका ओळीत सांगते, कारण मुलीला आवडेल. ब्रिटनमध्ये हातातल्या फोनला २००३ पासून बंदी. पण शब्द असे होते की फोन संपर्कासाठी वापरला तर गुन्हा. एक जण गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचं चित्रीकरण करताना सापडला आणि २०१९ मध्ये हायकोर्टात सुटला, कारण चित्रीकरण म्हणजे संपर्क नव्हे! मग २०२२ च्या मार्चपासून हातात धरून जवळजवळ कोणताही वापर गुन्हा ठरला. २०० पौंड दंड आणि परवान्यावर सहा गुण. परवाना मिळून दोन वर्षं झाली नसतील तर त्या सहा गुणांतच तो रद्द. (ही एक ओळ नाही झाली, असो.)

बाकीच्या गोष्टींचं म्हणाल, तर प्रत्येक गोष्टीला वेगळं कलम काढायला बसलो तर पुरणार नाही. कोपराने स्टेअरिंग धरून तळहातावर तंबाखू मळणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. चुना लावायला मान खाली, मग दोन थापा, मग चिमूट ओठात. फोनपेक्षा वेळ जास्त लागतो. त्यासाठी ‘तंबाखू’ असा शब्द कायद्यात नको, १८४ चं ‘धोकादायक’ पुरेसं आहे, लावणारा हवा.

आता ज्यासाठी तुम्ही खरं पत्र लिहिलंत त्यावर येते.

मुलीला सांगा, १८४ वाचून झालं की चार पानं पुढे जाऊन १८८ वाच. धोकादायक वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला अपप्रेरणा देणाऱ्यालाही तीच शिक्षा, असं ते कलम म्हणतं. मालकाच्या फोनला ते लागेल की नाही, हे कोर्टाने ठरवायचं. तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. पण गाडी चालवणाऱ्याला चुकायला लावणाराही असतो, हे आपल्या कायद्याला १९८८ पासून ठाऊक आहे, एवढं लक्षात घ्या. अमेरिकेत २०१२ च्या जानेवारीपासून माल आणि प्रवासी वाहनांच्या चालकांना हातात फोन धरायला बंदी झाली, तेव्हा त्यांनी दंड दोघांना ठेवला. चालकाला २,७५० डॉलरपर्यंत आणि त्याला तसं करू देणाऱ्या किंवा करायला लावणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत. मालकाला चौपट! तिथेच न्यू जर्सीत एक प्रकरण झालं. मेसेज वाचत-पाठवत गाडी चालवणाऱ्या मुलाने मोटारसायकलवरच्या नवरा-बायकोला उडवलं, दोघांचा एकेक पाय गेला. त्यांनी मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीवरही दावा लावला. २०१३ साली अपिलात कोर्टाने तिला सोडलं, पण म्हटलं की समोरचा आत्ता गाडी चालवतोय आणि आत्ताच वाचणार आहे हे पक्कं माहीत असताना मेसेज पाठवला, तर पाठवणाराही जबाबदार ठरू शकतो.

तुम्हाला पक्कं माहीत होतं. पोरगा मालकाचा फोन उचलणार नाही, असं होणार नव्हतं. रात्री साडेअकराला मालकाचा फोन न उचलणारा ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी काय ऐकतो, हे त्यालाही माहीत होतं. कायदा कितीही कडक केला तरी त्या पोरापुढे दोन भीती असतात: हवालदाराची आणि मालकाची. हवालदार महिन्यातून एकदा भेटतो.

तेव्हा मेहुण्यांचा कायदा तुम्ही तुमच्या तीन गाड्यांपुरता आजच करू शकता, सरकारची वाट न बघता. तुमच्या रस्त्याचाच विचार करा. नारायणगावातून माल भरून गाडी निघाली की वाशी की गुलटेकडी हा निर्णय बदलता येण्यासारखी जागा एकच: चाकणचा तळेगाव चौक. सरळ गेली तर पुणे, उजवीकडे वळली तर तळेगावावरून एक्स्प्रेस वे. त्याच्या आधी फोन करून उपयोग नाही, गाडी त्याच रस्त्यावर राहणार. त्याच्या नंतर भाव कळला तरी फार काही हातात नाही. म्हणजे रात्रभरात तुम्ही जे सात-आठ फोन करता, त्यातला गाडी वळवू शकणारा फोन एकच आहे. तो तुम्ही करायचाच नाही. चौकाच्या अलीकडे एखादा ढाबा ठरवून द्या. पोराने गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, आणि त्याने तुम्हाला फोन लावायचा. पाच मिनिटं जातील. मुंबईला जाणाऱ्याने मग खालापूरला आणि कळंबोलीला थांबून लावायचा. बाकी वेळ फोन डॅशबोर्डच्या खणात. शेतकऱ्याने तुम्हाला ‘गाडी कुठवर आली?’ म्हणून विचारलं तर ‘चाकणला फोन येईल तेव्हा सांगतो’ म्हणा, आणि तेवढा वेळ कळ काढा. गाडी दिसायलाच हवी असेल तर जीपीएस लावून घ्या, ते विचारायला कुणाला उचलायला लावत नाही. आणि एक दिवस फोन उशिरा आला म्हणून बोललात, की हा नियम त्याच दिवशी संपला असं समजा.

पगारातून कापायचं तर डोक्यातून काढून टाका. उलट त्याचंच तुमच्याकडे येणं निघतं. कामावर असताना झालेली इजा आहे, तेव्हा कर्मचारी भरपाई कायद्याने त्याला उपचाराचा खर्च आणि बसून असलेल्या काळाची भरपाई मिळू शकते. पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी गाडीच्या विम्यात धरलेली असू शकते, म्हणून पॉलिसी घेऊन चांगला वकील गाठा, एजंटावर सोडू नका. ट्रेलरच्या मागे रिफ्लेक्टर होते का, दिवे चालू होते का, पंचनाम्यात काय आलंय तेही वकिलाला बघू द्या. रस्त्यात धोकादायक रीतीने गाडी उभी करणं हाही गुन्हाच आहे, सगळं त्या पोरावर येऊ नये.

आणि कुत्र्याचं. ते त्याने स्वतःला वाचवायला सांगितलं की तुम्हाला, हे मला इथे बसून कळत नाही. मला वाटतं तुम्हाला. पण तुम्हाला कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. टोरांटोत बिलांवरून कळलं, तसं इथे पोलिसांनी मागवलं तर कॉल रेकॉर्डवरून मिनिटासकट कळतं, आणि तेव्हा खोटं सांगणारे दोघं होतील. आधी वकिलाला सगळं सांगा, तो पुढचं सांगेल.

वकिलाच्या आधी मात्र पोराच्या घरी जा. एकटे जा, मेहुण्यांना नेऊ नका. गावात सगळे म्हणत असतील की पोरगा मोबाईलवर होता, आणि त्याची आई ते ऐकत असेल. तिला सांगा की फोन मी लावला होता. ती काय बोलेल ते ऐकून घ्या. चहा केला तर प्या, नाही केला तरी बसा थोडं. झोपेचं मी काही सांगू शकत नाही. घरात बायकोला सांगितलंत तर निदान हॉर्न एकट्याला ऐकावा लागणार नाही.

पोराचा पाय टेकवायला डॉक्टरांनी कधी सांगितलंय, ते कळवा.